दत्तक-दात्यांची दया आणि मुलांचा हक्क

एका गरीब मुलाचे छायाचित्र, त्याखाली त्याचे नाव व वय, आणि शेजारी दरमहा पाठवावयाच्या रकमेचा आकडा. गेल्या शतकभरात दारिद्र्यनिवारणाची जी अनेक साधने जगभर रूढ झाली, त्यांत इतके सोपे, इतके लोकप्रिय आणि दात्याच्या मनाला इतके समाधान देणारे साधन दुसरे क्वचितच असेल. आपल्याकडे त्याला कोणी ‘बालक प्रायोजकत्व’ म्हणतात, कोणी ‘दत्तक पालक योजना’. नाव कोणतेही असो, त्यावर टीका करणे म्हणजे मुलाच्या तोंडचा घास काढून घेणे, अशी एक समजूत सुशिक्षित मध्यमवर्गात दृढ झाली आहे. त्यामुळे एरवी प्रत्येक प्रश्नाच्या मुळाशी जाऊ पाहणारे आमचे समाजवादी मित्रही या विषयापुरते मौन पाळतात. हे मौन सोयीचे असले तरी समर्थनीय नाही.

युक्तिवाद स्वच्छ व्हावा म्हणून एक गोष्ट प्रारंभीच मान्य करून टाकू. या योजनांचा मुलांना उपयोग होतो. १९८२ साली ‘न्यू इंटरनॅशनलिस्ट’ या इंग्लंडमधील मासिकाने ‘कृपा करून या मुलाचे प्रायोजक होऊ नका’ असे आवाहन करणारा अंक काढला, तेव्हापासून डाव्या टीकाकारांचा एक वर्ग असे सांगत आला की, हा सारा पैसा पत्रव्यवहारात आणि जाहिरातीत वाहून जातो. हे विधान आज सरसकट टिकणारे नाही. ब्रूस वायडिक आणि त्यांचे दोन सहकारी यांचा एक विस्तृत अभ्यास २०१३ साली ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’ या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कम्पॅशन इंटरनॅशनल या अमेरिकन ख्रिस्ती संस्थेच्या कार्यक्रमात लहानपणी सामील झालेली मुले आणि सामील होऊ न शकलेली मुले यांची प्रौढपणीची स्थिती त्यांनी ताडून पाहिली. भारत, केनिया, युगांडा, फिलिपाइन्स, बोलिव्हिया व ग्वाटेमाला या सहा देशांतील १०,१४४ व्यक्तींची माहिती त्यात आहे. प्रायोजित मुलांचे शालेय शिक्षण सरासरीने १.०३ ते १.४६ वर्षांनी वाढले आणि माध्यमिक शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण ११.६ ते १६.५ टक्केबिंदूंनी उंचावले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. सामाजिक शास्त्रांत हा परिणाम क्षुल्लक मानता येत नाही.

मात्र या निष्कर्षाचा अर्थ काय लावावयाचा, हा खरा प्रश्न आहे. प्रायोजकत्वाचे पुरस्कर्ते म्हणतात : पाहा, दात्याच्या प्रेमाने मूल घडते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यात वेगळेच काही दिसावयास हवे. त्या कार्यक्रमात मुलाची शाळेची फी व गणवेश यांची सोय होत होती, आठवड्यातून काही वेळा पोटभर सकस जेवण मिळत होते, आरोग्याची तपासणी होत होती आणि शाळेखेरीज दर आठवड्याला काही तास कोणीतरी त्याच्या अभ्यासाची विचारपूस करीत होते. एवढे सारे वर्षानुवर्षे खंड न पडता मिळाले, तेव्हा गरिबाघरचे मूल शाळेत टिकले. गरिबांना शिक्षणाची आवड नसते, त्यांना पैसा दिला तर तो वाया जातो, दारिद्र्य हे रक्तातच असते, या सनातन सिद्धान्तांचे इतके चोख खंडन दुसरे कोणते हवे? परंतु प्रयोग यशस्वी झाला असेल तर त्यातून निघणारा निष्कर्ष सार्वजनिक धोरणाचा असतो, दानशूरतेचा नसतो. देवीची लस गुणकारी ठरल्यावर ती टोचण्यासाठी प्रत्येक मुलाला स्वतंत्र दाता शोधावा, असे कोणी म्हटले नाही.

या योजनांचा इतिहास थोडा निरखून पाहणे येथे क्रमप्राप्त आहे. पहिल्या महायुद्धानंतरही ब्रिटनने पराभूत देशांची नाकेबंदी चालू ठेवली होती आणि ऑस्ट्रिया व जर्मनीतील मुले उपाशी मरत होती. १९१९ साली एग्लंटाइन जेब या इंग्रज बाईंनी लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात अशाच एका उपाशी मुलाचे चित्र असलेली पत्रके वाटली. त्याबद्दल त्यांना अटक झाली आणि पाच पौंडांचा दंड झाला. त्याच वर्षी ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था स्थापन झाली आणि पुढच्या वर्षापासून एकेका मुलाचे प्रायोजकत्व देण्यास तिने प्रारंभ केला. १९३७ साली स्पेनच्या यादवी युद्धातील मुलांसाठी ‘फॉस्टर पेरेंट्स प्लॅन’, १९३८ साली जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनमधील मुलांसाठी ‘चायनाज चिल्ड्रन फंड’, आणि १९५०च्या दशकाच्या आरंभी कोरियन युद्धातील अनाथांसाठी ‘वर्ल्ड व्हिजन’ व ‘कम्पॅशन’, असा हा क्रम आहे. १९७२ साली इंग्लंडमध्ये ‘ॲक्शनएड’चा आरंभ झाला तो ८८ दात्यांनी भारत व केनियातील १२९ मुलांची जबाबदारी घेऊन.

या क्रमातून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, ही पद्धत युद्धात आईबाप गमावलेल्या किंवा त्यांच्यापासून तुटलेल्या मुलांसाठी जन्माला आली. तेथे ‘पालक’ हा शब्द सार्थ होता. युद्धे संपल्यावर तीच पद्धत जशीच्या तशी उचलून शांततेच्या काळातील दारिद्र्याला लावण्यात आली. त्या मुलांना आईबाप होते. त्यांच्यापाशी नव्हती ती जमीन, नव्हते ते बारमाही काम, नव्हती ती पोटापुरती मजुरी. परंतु छायाचित्रात मूल एकटेच उभे असते. मजुरीचा प्रश्न चित्राच्या चौकटीबाहेर राहतो आणि मजूर आईबाप आपल्याच मुलाच्या जीवनकथेतून वजा होतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जेबबाईंनी १९१९ साली वाटलेले ते पहिले चित्र आरोपपत्र होते. या मुलाच्या उपासमारीला आपले सरकार जबाबदार आहे, असे ते चित्र स्वदेशीयांना सुनावीत होते, म्हणूनच सरकारने ते गुन्हा ठरविले. त्यानंतरच्या शंभर वर्षांत अशी कोट्यवधी चित्रे छापली गेली. त्यांतील एकाबद्दलही कोणाला दंड झाल्याचे ऐकिवात नाही, कारण त्या चित्रांनी आरोप करणेच सोडून दिले. मूल उपाशी आहे एवढेच ते सांगतात; ते कोणामुळे उपाशी आहे, हे सांगत नाहीत.

याच इंग्लंडात त्याच काळी दुसरी एक वाट चोखाळली जात होती. १९२४ साली जेबबाईंनी लिहिलेला बालहक्कांचा जाहीरनामा राष्ट्रसंघाने जिनिव्हा येथे स्वीकारला. त्याच वर्षी एलिनर रॅथबोन यांचा ‘द डिसइनहेरिटेड फॅमिली’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मुलांचे संगोपन हे समाजाचे काम आहे, ते करणाऱ्या मातेला समाजाने नियमित भत्ता दिला पाहिजे, आणि तो कोणाच्या मेहेरबानीने नव्हे तर कायद्याने दिला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. वीस वर्षांच्या झगड्यानंतर १९४५ साली कुटुंब भत्त्याचा कायदा झाला आणि ऑगस्ट १९४६ पासून पहिले मूल वगळून प्रत्येक मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग मातेच्या हाती पडू लागले. तेथील मातेला त्याबद्दल कोणाला आभाराचे पत्र लिहावे लागले नाही. आपल्या मुलांसाठी ब्रिटिश समाजाने रॅथबोनबाईंची वाट धरली. परक्यांच्या मुलांसाठी मात्र त्याच समाजाने छायाचित्राची वाट पुरेशी मानली. हा भेद नीट समजून घेतला पाहिजे.

आपण मराठी माणसांना तर हा प्रश्न परका असण्याचे कारण नाही. वार लावून जेवण्याची पद्धत ही आपली देशी प्रायोजकत्वाची योजनाच होती. सात घरी सात वार लावून शिकलेल्या विद्यार्थ्यांतून थोर विद्वान निर्माण झाले, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु त्या पंक्तीला बसावयास विशिष्ट जातीत जन्म घ्यावा लागत असे, आणि जेवू घालणाऱ्याच्या मर्जीचे ओझे त्या मुलाला जन्मभर वाहावे लागत असे. मराठी भाषेत या अवस्थेसाठी ‘मिंधेपणा’ असा नेमका शब्द आहे. अन्न तेच असते, पण मिंधेपणाने खाल्लेले अन्न आणि हक्काने खाल्लेले अन्न यांतून दोन वेगळी माणसे घडतात.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात शूद्रातिशूद्रांच्या मुलांसाठी दाते शोधण्याची विनंती नव्हती. सरकारच्या तिजोरीत येणारा पैसा रयतेच्या घामातून येतो, मग तो रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर का खर्च होत नाही, हा त्यांचा सवाल होता. हा सवाल सार्वजनिक अर्थव्यवहाराचा आहे, आणि माझ्या मते मराठीतील अर्थशास्त्रीय विचाराचा तो मानबिंदू आहे. १९१७ साली शाहू छत्रपतींनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले ते याच परंपरेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, म्हणजे ‘सेव्ह द चिल्ड्रन’ आणि ‘रयत’ या एकाच वर्षी जन्मलेल्या संस्था. भाऊरावांनीही लोकांकडून धान्य व पैसा मागितला. पण त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहिली, स्वतः राबली आणि एका पंगतीत जेवली. कोणत्या घरचे धान्य कोणत्या मुलाच्या ताटात पडले, याचा हिशेब तेथे ठेवला जात नसे. दान घेऊनही मुलाला मिंधे होऊ न देण्याची ही रीत होती.

आता प्रायोजकत्वाच्या अंतर्गत विसंगतीकडे वळू. दात्याचा पैसा खरोखरच त्या एका मुलावर खर्च झाला, तर त्याच झोपडीतील त्याच्या बहिणीला तो का नाही, याला उत्तर नाही. एका भावाला दप्तर आणि दुसऱ्याला गुरे, ही निवड कोणी केली? उलट, अनेक मोठ्या संस्थांनी पुढे सुज्ञपणे केले त्याप्रमाणे तो पैसा साऱ्या गावाच्या विहिरीवर, शाळेवर, दवाखान्यावर खर्च झाला, तर ‘हे तुमचे मूल’ असे दात्याला सांगणे ही जाहिरातबाजी ठरते. म्हणजे योजना प्रामाणिक असेल तर मुलांत भेद करते, आणि न्यायी असेल तर दात्याशी खोटे बोलते. या पेचातून सुटका नाही, कारण तो व्यवस्थापनातील दोषातून आलेला नसून मूळ कल्पनेतच आहे.

शिवाय अशा योजनेला एका ठिकाणी राहणारे, पत्ता असणारे, केंद्राच्या आसपास वाढणारे मूल लागते. बीडचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांच्याबरोबर पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या मुलाचे छायाचित्र कोणत्या पत्त्यावर काढावयाचे, आणि त्याची प्रगती दात्याला कोणी कळवावयाची? जे मूल सर्वांत वंचित, तेच या योजनेच्या जाळ्यातून सर्वांत आधी निसटते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आमची टीका आणि आजच्या राज्यकर्त्यांची टीका एक नव्हे. २०१६ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने धर्मांतराच्या संशयावरून कम्पॅशन इंटरनॅशनलच्या निधीला पूर्वपरवानगीची अट घातली, आणि मार्च २०१७ मध्ये त्या संस्थेला भारतातील काम बंद करावे लागले. त्या वेळी सुमारे १,४५,००० भारतीय मुले तिच्या यादीत होती. संस्थेचा हेतू कोणता होता यावर वाद घालता येईल. पण त्या मुलांपैकी प्रत्येकाची फी, जेवण व औषध दुसऱ्या दिवसापासून कोण देणार, हा विचार करणे राज्यसंस्थेचे कर्तव्य होते. परकी मदत तोडण्याची तत्परता जिने दाखविली, तिने स्वकीय मदत उभी करण्याची तत्परता दाखविली नाही. १८९३ साली पंडिता रमाबाईंच्या शारदासदनावर धर्मांतराचा आक्षेप आला, तेव्हा रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागारपद सोडले. बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनच्या वर्गणीवर ते सदन चालले होते. अमेरिकन दाते आणि पुण्याचे पुढारी यांच्यातील तो वाद त्या विधवा मुलींच्या आत्म्याचे काय होणार, याबद्दल होता. त्यांच्या भाकरीची चिंता वाहणाऱ्या एकट्या रमाबाईच. सव्वाशे वर्षांनी तोच प्रयोग पुन्हा रंगला, फक्त या वेळी रमाबाई नव्हत्या. जो घास दात्याच्या इच्छेवर आणि सरकारच्या मर्जीवर अवलंबून असतो, तो दोघांपैकी कोणीही काढून घेऊ शकतो, आणि मुलाला दाद मागण्यास जागा नसते.

सरकार म्हणेल, आमचीही योजना आहे. खरे आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यात प्रायोजकत्वाची तरतूद आहे. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत मुलामागे दरमहा ४,००० रुपये, आणि महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये अशी तरतूद झाली. आता हिशेब करू. दरमहा ४,००० म्हणजे वर्षाला ४८,००० रुपये. २०२४-२५ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात मिशन वात्सल्यसाठी १,४७२ कोटी रुपये ठेवण्यात आले होते. बालगृहे, कर्मचारी, कार्यालये यांचा खर्च शून्य मानून सारी रक्कम मुलांनाच वाटली, तरी ती सुमारे तीन लाख सात हजार मुलांना पुरेल. राज्यांचा ४० टक्के वाटा मिळवला तरी आकडा पाच लाखांच्या घरातच राहतो. २०११ च्या जनगणनेनुसार या देशात सहा वर्षांपर्यंतचीच मुले १६ कोटींहून अधिक होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, उद्योगधंद्यांत अग्रेसर म्हणविणाऱ्या महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि ३६.१ टक्के मुले कमी वजनाची आढळली. याला धोरण म्हणावयाचे की छायाचित्राचीच सरकारी आवृत्ती?

‘एवढा पैसा आणणार कोठून?’ हा प्रश्न आता विचारला जाईल. त्याचे उत्तर महाराष्ट्राने एकदा दिलेले आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना आकारास आली, आणि तिच्यासाठी १९७५ साली शहरी नोकरदारांवर व व्यावसायिकांवर व्यवसायकर बसविण्यात आला. मुंबई-पुण्याच्या पगारदाराच्या वेतनातून कापलेला पैसा मराठवाड्यातील बंधाऱ्यावर खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीत गेला. त्या पगारदाराला तिचे नाव कळले नाही, छायाचित्र मिळाले नाही, आणि तिने त्याला आभाराचे पत्र लिहिले नाही. काम मागण्याचा तिला कायद्याने हक्क होता आणि कर देणे हे त्याचे कर्तव्य होते, एवढाच दोघांचा संबंध. समाजवाद या शब्दाचा व्यावहारिक अर्थ कोणी विचारला, तर मी याच संबंधाकडे बोट दाखवीन.

आणि या कराची आज अवस्था काय? राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने व्यवसायकराची कमाल मर्यादा १९८८ साली वार्षिक २,५०० रुपये ठरविली, ती अजून तेथेच आहे. त्यानंतर किमती आणि वरच्या वर्गाचे पगार अनेक पटींनी वाढले. दरमहा तीस हजार मिळविणारा कारकून आणि दरमहा तीस लाख मिळविणारा संचालक हे दोघेही महाराष्ट्रात वर्षाला तेच २,५०० रुपये भरतात. पैसा नाही हे खरे नव्हे. पैसा जेथे आहे तेथे हात घालण्याची इच्छा नाही, हे खरे आहे.

एक आक्षेप मात्र प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. शासन जागे होईपर्यंत समोरच्या मुलाने उपाशी राहावे काय? मुळीच नाही. ज्याला द्यावेसे वाटते त्याने अवश्य द्यावे. पण एका मुलाचा धनी होण्यासाठी देऊ नये. शाळेला, वसतिगृहाला, अख्ख्या वस्तीला द्यावे, आणि मुलाकडून पत्राची अपेक्षा ठेवू नये. दुसरे असे की, देणाऱ्याने देऊन गप्प बसू नये. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांतून शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, तो भुकेच्या प्रश्नावर लोकांनी केलेल्या याचिकेमुळे. त्या एका आदेशाने जेवढ्या मुलांच्या पानात दुपारचे अन्न पडले, तेवढ्यांना साऱ्या जगातील प्रायोजक संस्थाही जेवू घालू शकल्या नसत्या.

मुलाची कोणीतरी विचारपूस करावी, ही प्रायोजकत्वाच्या अनुभवातील शिकवणही आपण घेतली पाहिजे. ती विचारपूस करणारी व्यक्ती परदेशातून आणावी लागत नाही. ती प्रत्येक गावात आहे आणि तिचे नाव अंगणवाडी सेविका. तिला वेतन न म्हणता ‘मानधन’ दिले जाते, आणि हक्कासाठी डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रभर दीर्घ संप करावा लागला. जिची स्वतःचीच सोय लागलेली नाही, तिने शंभर घरांतील मुलांची सोय कशी पाहावी?

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. बालसंगोपनाचे अनुदान हे लाभार्थ्यांच्या मंजूर संख्येपुरते न ठेवता पात्र मुलाचा कायदेशीर हक्क करावे आणि ते ठरलेल्या तारखेस मातेच्या खात्यात जमा व्हावे. भूमिहीन, ऊसतोड व इतर स्थलांतरित मजुरांच्या मुलांपासून आरंभ करून क्रमाक्रमाने सर्व मुलांना बालभत्ता लागू करावा. स्थलांतराच्या हंगामात मुलांना ठेवून घेणारी वसतिगृहे तालुक्या-तालुक्यांत पुरेशा संख्येने चालवावीत. अंगणवाडी सेविकांना व मदतनिसांना कर्मचारी म्हणून वेतन द्यावे. आणि व्यवसायकराची कुंठित मर्यादा उठविण्यासाठी घटनादुरुस्तीची मागणी महाराष्ट्राच्या खासदारांनी लोकसभेत लावून धरावी.

यांतील एकही मागणी क्रांतिकारक नाही. इंग्लंडने पहिली ऐंशी वर्षांपूर्वी मान्य केली आणि शेवटचीचा पाया महाराष्ट्रानेच पन्नास वर्षांपूर्वी घातला. उणीव आहे ती त्यांच्यामागे उभ्या राहणाऱ्या संघटित लोकशक्तीची. येत्या अधिवेशनापूर्वी पक्षाच्या प्रत्येक तालुका शाखेने आपल्या भागातील बालसंगोपनासाठी पात्र पण अनुदानाविना राहिलेल्या मुलांची गणना करावी आणि ती यादी मोर्चाने तहसीलदारांच्या हाती द्यावी. त्या यादीत छायाचित्रे असण्याची गरज नाही.